गुडघ्याचं अस्तर

लातूर जिल्हा झाला म्हणून मला नोकरी लागली. उस्मानाबादपासून वेगळं निघाल्यावर लातुरात नवी सरकारी कार्यालयं उघडली, त्यांना कारकून लागले, आणि भोकरकडच्या एका रेल्वे गँगमनच्या बी.ए. झालेल्या मुलीचा, म्हणजे माझा, नंबर लागला. आमचं कार्यालय भाड्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. कपाटं अजून यायची होती. उस्मानाबादहून ट्रकमध्ये घालून आणलेले फायलींचे गठ्ठे फरशीवर रचलेले असत. आम्ही मांडी घालून बसायचो, गठ्ठे सोडायचो आणि तालुक्यांप्रमाणे लावायचो. नाकातोंडात धूळ जायची, पण मला ते काम मनापासून आवडायचं. एक अख्खा जिल्हा आपण हातानं मांडून ठेवतोय असं वाटायचं.

त्याच फरशीवरून एका दुपारी मला उठता येईना. उजवा गुडघा आखडला होता. शेजारी बसणाऱ्या बाईंनी हात देऊन उठवलं. घरी येऊन पाहिलं तर गुडघा टम्म सुजलेला. पडले नव्हते, कुठं आपटले नव्हते, ताप नव्हता. दुखतही फारसं नव्हतं. हात लावला की मात्र कोमट लागायचा, आणि आत काहीतरी मऊ, कणकेसारखं दाबलं जायचं.

लग्नाला तेव्हा वर्षच झालं होतं. नवरा अहमदपूर तालुक्यात शाळामास्तर. शनिवारी यष्टीनं लातूरला यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा. सासू त्याच तालुक्यातल्या आमच्या गावी राहायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. आमचं वाकडं काहीच नव्हतं, पण जवळीकही नव्हती. मी गावी गेले की त्या मला काम सांगत नसत. पाहुण्या बाईला सांगत नाहीत, तसं. चहा हातात आणून द्यायच्या आणि स्वतः परसात जाऊन भांडी घासायच्या. मी मागे गेले तर म्हणायच्या, "बस तू. साडी भिजंल."

गुडघ्यावर लातूरला इलाज सुरू झाला. डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं. ते पाणी नव्हतंच, गंजलेल्या पत्र्यावरून ओघळावं तसं काळपट तांबडं काहीतरी होतं. हाडाचा टीबी असावा म्हणून इंजेक्शनं चालू झाली. त्या काळी गुडघा सुजला की आधी टीबीच मनात यायचा. कित्येक महिने मी इंजेक्शनं घेतली. सूज उतरायची, पुन्हा भरायची. शेवटी कार्यालयाच्या जिन्याची एक एक पायरी मी लहान पोरासारखी दोन्ही पाय टेकवत चढू लागले. वडील भेटायला आले होते, त्यांनी खाली रस्त्यावरून हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला यष्टीत बसवून नांदेडला घेऊन गेले.

नांदेडच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, काढलेलं पाणी उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "हा टीबी वाटत नाही मला. उघडून बघावं लागेल."

"उघडून म्हंजे?" वडिलांनी विचारलं.

"ऑपरेशन. आत काय वाढलंय ते काढायचं आणि तपासायला पाठवायचं."

कमरेत सुई दिली, त्यामुळे मी जागी होते. कमरेखालचं अंग माझं नव्हतंच जणू. मधे हिरवा पडदा होता आणि पलीकडून डॉक्टरांचा आवाज यायचा. "हे बघ, हे बघ, किती आहे!" ते सोबतच्या डॉक्टरांना म्हणत होते, आणि त्या आवाजात भीती नव्हती, नवल होतं. मला उगाचच धीर आला. माझ्या गुडघ्यात असं काहीतरी होतं, की शिकलेल्या माणसाला त्याचं अप्रूप वाटावं! नंतर त्यांनी मला ते बरणीत दाखवलं. विहिरीच्या ओल्या दगडावर शेवाळ धरतं तसं, पण रंग विटकरी. मऊ, झुपकेदार.

ऑपरेशन झाल्याचं कळल्यावर आत्याबाई नांदेडला आल्या. काखेत भाकरीचं गाठोडं, खांद्यावर वाकळ. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. खाटेशेजारी उभं राहून त्यांनी पांढऱ्या पट्ट्यांतला माझा पाय बराच वेळ बघितला आणि डॉक्टर फेरीला आले तेव्हा सरळ त्यांनाच गाठलं.

"साहेब, हिला झालं तरी काय?"

डॉक्टरांनी आधी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. मग आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे बघून ते स्वतःच हसले. "आजी, सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. तेल घातल्यासारखा सांधा ओला ठेवायचं काम त्याचं. हिचं ते अस्तर बिघडलं. जाड झालं, झुपके आले, त्यातून रक्त पाझरत होतं."

"म्हंजी कापड चांगलं हाय, अस्तर खराब झालं."

"अगदी बरोबर."

"मग समदं उसवून काढलं का?"

"पुढचं काढलं. गुडघ्याच्या मागं मोठ्या शिरा आहेत, तिथं खोल हात घालता येत नाही. थोडं राहिलंय."

आत्याबाईंनी जन्मभर वाकळी शिवल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "राह्यलेलं परत वाढंल की मग."

"म्हणूनच शेक द्यायचा, किरणांचा. बार्शीला मशीन आहे. त्यानं राहिलेलं आटून जाईल. आधी तपासणीचा निकाल येऊ द्या."

निकाल यायला बरेच दिवस लागले. ते दिवस जड गेले. खिडकीतून गोदावरी दिसायची, म्हणजे तिची वाळू दिसायची. दुष्काळाच्या त्या साली नदीत पाणी म्हणण्यासारखं नव्हतंच. आत्याबाई खाटेखाली वाकळ टाकून झोपायच्या. आम्ही दिवसभरात चार वाक्यंसुद्धा बोलत नव्हतो. मग एका सकाळी डॉक्टर दारातूनच कागद हलवत आले. "कॅन्सर नाही! मला वाटलं तेच आहे. त्रासदायक, पण जिवावरचं नाही."

माझे वडील अबोल माणूस. ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले असतील. थोड्या वेळानं ते अर्धापूरच्या केळ्यांचा भलामोठा घड खांद्यावर घेऊन आले आणि वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवर केळी ठेवत सुटले. रोग्यांना, त्यांच्या नातलगांना, झाडूवालीला, नर्सबाईंना. डॉक्टरांच्या कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक केळं घातलं. आत्याबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

लातूरला परतले तर गल्लीत वेगळीच बातमी. शेक म्हणजे कॅन्सर, एवढंच लोकांना ठाऊक होतं. बाया उतरलेल्या तोंडानं यायच्या, उंबऱ्यातच डोळ्याला पदर लावायच्या. आत्याबाई माझ्यासोबत आल्या होत्या. दोन दिवस त्यांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी दारातच उभ्या राहिल्या. "रडायला आल्या असताल तर भाईरच रडून घ्या. घरात तोंड धुवायला पाणी न्हाई." ते खरंच होतं. टँकर एक दिवसाआड यायचा, तोही आला तर.

बार्शीला महिनाभर राहावं लागणार होतं. कोण जाणार? नवऱ्याची शाळा. माझ्या आईला घर सोडता येत नव्हतं. नवरा रजेचं बोलू लागला, तर आत्याबाई म्हणाल्या, "मी जाते."

"आई, रानाचं?" तो म्हणाला.

"रानात काय हाय? ढेकळं हायत. ती कुठं पळून चालली न्हाईत." बैल छावणीत होते, विहीर कोरडी होती, आणि आत्याबाई गेलं वर्षभर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होत्या. "तेवढंच खडीपून सुटका," त्या मला हळूच म्हणाल्या.

तेव्हा लातूरहून बार्शीला छोट्या रुळांची गाडी जायची. जखम भरून आल्यावर आम्ही तिनं निघालो. मी रेल्वेवाल्याची मुलगी, मला गाडीचं काय! आत्याबाई मात्र आयुष्यात प्रथमच रेल्वेत बसत होत्या. सुटायच्या आधीच त्यांनी बाकाचा दांडा घट्ट धरला. गाडी सुटली, सायकलच्या वेगानं चालू लागली, आणि त्यांचा हात हळूहळू सैल झाला. "एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. माझा पाय सरळ ठेवायचा म्हणून तो समोरच्या बाकावर ठेवला होता. एका स्टेशनवर चढलेली बाई म्हणाली, "पाय काढा, जागा द्या."

"पायाचंच तिकीट हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आमी त्याच्यासंगं चाललो."

बाई हसली आणि खाली गाठोड्यावर बसली. येडशीच्या जंगलापर्यंत त्या दोघी एकमेकींच्या सोयरिकी काढत होत्या.

बार्शीच्या डॉक्टरांनी मला पालथं झोपवून गुडघ्याच्या मागे जांभळ्या शाईनं चौकोन आखला. "ही खूण पुसायची नाही. पाणी, साबण काहीच लावायचं नाही." मग जाडजूड भिंतींची खोली. वर मशीनचं मोठं गोल तोंड. सगळे बाहेर गेले, भक्कम दार लागलं, घरघर झाली आणि थांबली. दार उघडलं. संपलं.

बाहेर आत्याबाई हात जोडून उभ्या होत्या. "लई दुखलं का?"

"काहीच नाही."

"भाजल्यावानी झालं?"

"काहीच झालं नाही, आत्याबाई."

त्या माझ्याकडे, मग दाराकडे बघत राहिल्या. "मंग ह्यांनी दिवा लावला का न्हाई, इचारून ये बरं."

रोज एवढंच काम होतं, दोन-तीन मिनिटांचं. उरलेला दिवस रिकामा! आत्याबाईंना असा रिकामा दिवस जन्मात मिळाला नव्हता, आणि खरं तर मलाही नाही. पहिले दोन दिवस त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. दवाखान्यामागे रोग्यांच्या नातलगांसाठी पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथलं अंगण त्यांनी झाडून काढलं, स्टोव्ह घासला, पुन्हा अंगण झाडलं. मग त्यांना नळ सापडला.

दवाखान्याच्या बोअरला पाणी होतं आणि मागच्या बाजूच्या नळाला ते सकाळी चांगलं धारेनं यायचं. आत्याबाईंनी तोटी फिरवली, हात धारेखाली धरला आणि मला हाक मारली, "ए पोरी, इकडं ये! हे बग!" मी काठी टेकत गेले. त्या कोपरापर्यंत हात भिजवून उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी डोक्यावरून न्हाऊन घेतलं, आमची सगळी लुगडी-साड्या धुतल्या आणि शेजारच्या खोल्यांतल्यांचेही कपडे मागून आणले. मला पाय भिजवायची बंदी. मी लांब दगडावर बसून बघायचे, आणि त्या मुद्दाम माझ्या तोंडावर पाणी उडवायच्या. "पायाला लागू दिलं न्हाई बर का!"

तिथेच एकदा कपडे पिळता पिळता त्या म्हणाल्या, "तुला एक इचारू? मी तुला काम सांगत न्हाई, म्हून तुला राग येतो का?"

"राग नाही. पण परकं वाटतं."

त्यांनी लुगडं झटकलं. "तू शिकलेली. हापिसात बसणारी. तुला भांडे घास म्हनावं का न्हाई, हेच मला समजंना. म्हनलं, चुकायपेक्षा गप बसलेलं बरं."

"आत्याबाई, म्हणायचं की घास म्हणून!"

"मंग संध्याकाळचे घास," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्सबाई काय झालं ते बघायला बाहेर आल्या.

रिकाम्या दिवसांत आम्ही बार्शी पालथी घातली. माझ्या काठीच्या चालीनं जेवढी घालता येईल तेवढी. एका दुपारी सिनेमाला गेलो. पाय पसरता यावा म्हणून दारवाल्यानं आम्हाला कडेची जागा दिली. आत्याबाईंनी सिनेमा असा समोर बसून कधी पाहिला नव्हता. त्या पडद्याशी बोलू लागल्या. "आरं मागं बग, मागं!" आसपासची माणसं आधी हसली, मग तीही सांगू लागली. त्यातली म्हातारी आई शेवटी मरते, तेव्हा आत्याबाई एकदम गप्प झाल्या आणि परत येताना वाटेतही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी पत्र्याच्या खोल्यांसमोर सगळे बसले होते. तिथल्या बहुतेकांचं दुखणं माझ्यापेक्षा फार मोठं होतं. रेणापूरकडची एक बाई होती, शेतकऱ्याची. तिच्या घशाला शेक चालला होता आणि तिला बोलता येत नव्हतं. आत्याबाई रोज तिच्यासाठी ज्वारीची पातळ आंबील करायच्या. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना सिनेमा सांगायला घेतला. भांडण आलं की उभ्या राहायच्या, गाणं आलं की हातवारे करायच्या. ती रेणापूरची बाई हसू आलं की टाळ्या वाजवायची, आवाज नव्हता म्हणून. शेवट जवळ आला. मी बघत होते. आत्याबाईंच्या सिनेमातली म्हातारी मेली नाही. तिला दवाखान्यात नेलं, ती बरी झाली, घरी आली आणि तिनं पोराला पुरणाची पोळी करून घातली.

रात्री मी म्हटलं, "शेवट बदललात तुम्ही."

"तिकडं मेली आसंल," त्या म्हणाल्या. "हितं कामून मारू?"

त्यानंतर रोज संध्याकाळी माणसं त्यांची वाट बघू लागली. सिनेमा संपला तेव्हा गावातल्या गोष्टी सुरू झाल्या, आणि त्यांत कोणीही मरत नव्हतं.

शेक संपला तेव्हा गुडघ्यामागची कातडी काळवंडली होती, पण सूज नव्हती. अडचण वेगळीच होती. इतके दिवस पाय सरळ ठेवल्यामुळे गुडघा काटकोनापलीकडे वाकेना. नांदेडच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "सायकल चालवा. यासारखा व्यायाम नाही."

"मला येत नाही," मी म्हटलं.

"आधी स्टँडवर लावून नुसते पायडल मारा."

लातूरला नव्या कार्यालयांसाठी आखून ठेवलेलं एक मोकळं मैदान आमच्या खोलीजवळ होतं. आम्ही दुकानातून बायकांची सायकल भाड्यानं आणायचो, ती स्टँडवर उभी करायचो आणि मी पायडल मारायचे. सुरुवातीला अर्धा फेराही पुरा होईना, पाय वरच अडकायचा. आत्याबाई हातानं पायडल हळूच पुढे ढकलायच्या. मग एके दिवशी पाय वरून सर्रकन खाली गेला, आणि पाठोपाठ दुसऱ्यांदा गेला. मी ओरडलेच. आठवडाभर मी तशीच जागच्या जागी चाक फिरवत होते. मग आत्याबाईंचा धीर सुटला.

"हितल्या हितं फिरवून कुठं जानार तू?" म्हणत त्यांनी लाथेनं स्टँड काढलं.

त्यांनी लुगड्याचा काष्टा आवळला, मागचं कॅरिअर धरलं आणि ढकललं. मी आरडाओरडा करत चुन्याच्या रेघांवरून वेडीवाकडी गेले. रेघा नव्या इमारतींच्या होत्या. मी त्या इमारतींच्या भिंतींतून आरपार गेले असणार! दोनदा पडले, पण डाव्या अंगावर. "उजव्यावर पडू नको, तो पाय डाक्टरचा हाय," त्या मागून सांगत होत्या. शनिवारी नवरा यष्टीतून उतरून घराकडे येत होता. त्याला मैदानावर दिसलं ते असं. बायको सायकलवर, आई पाठीमागे पळतेय आणि दोघी ओरडतायत. त्यानं हातातली पिशवी टाकली आणि धावत आला. "आई! काय करायलीस? पडंल ना ती!"

"मी कवाच सोडलं," आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या. "तिची तीच चाललीया."

मी मागे वळून बघितलं. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. मी लगेच पडले, हे सांगायला हरकत नाही.

काही दिवसांनी मी कामावर हजर झाले. जिना एकेक पाय टाकत चढले, साध्या माणसासारखी. सूज परत आली नाही. सुरुवातीची काही वर्षं नांदेडला दाखवायला जात होते, मग डॉक्टरांनीच यायचं बंद करायला सांगितलं. मी त्याच जिल्ह्यात सगळी नोकरी केली आणि निवृत्त झाले. गुडघा चालतो, चढतो, सायकलही चालवतो. फक्त पुरता मिटत नाही. मांडी घालता येत नाही.

ह्याचा पहिला प्रश्न गावी उभा राहिला, बुद्धपौर्णिमेच्या जेवणाला. दुष्काळ सरून पहिलं बरं साल होतं, भावकी सगळी आली होती. ओसरीत पंगत बसलेली, वडीलधारी माणसं खाली, आणि मला खाली बसता येईना. मी म्हटलं, मी मागून आत उभ्यानं जेवते. आत्याबाईंनी ऐकलं आणि निघून गेल्या. समाजमंदिरातून लोखंडी घडीच्या दोन खुर्च्या काखेत मारून आल्या. पंगतीच्या टोकाला दोन्ही उघडल्या. एकीवर मला बसवलं. मी संकोचानं अर्धी झाले. सासऱ्यांच्या चुलत भावापुढे, त्यांच्या डोक्याच्या वर, सून खुर्चीत! तेवढ्यात आत्याबाई दुसऱ्या खुर्चीत बसल्या आणि ताट मांडीवर घेतलं.

चुलत सासरे म्हणाले, "वैनी, ही काय रीत काढली?"

"तिला खाली बसता येत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "तिनं एकटीनं वर बसावं, ते बरं दिसत न्हाई. म्हून मी बसले." आणि भाकरी मोडून माझ्याकडे वळल्या, "वरण वाढ गं मला. न्हाईतर ऊठ अन् आतून ठेचा आन. काम सांगायचं ठरलंय आपलं."

पंगत हसली. चुलत सासरे तेवढे हसले नाहीत. पण जेवण झाल्यावर त्यांना उठता येईना, दोघांनी काखेत हात घालून त्यांना उठवलं. पुढच्या बुद्धपौर्णिमेला आम्ही गावी पोचलो तेव्हा ओसरीत तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि तिसरीवर ते आधीच जाऊन बसले होते.